ऑलिम्पिकच्या टेबलात खरंच वर कोण? पदकं मोजायची तरी कशी?

तिस्कावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पॅरिस ऑलिम्पिक होऊन इतके दिवस झाले तरी आमच्या फोंड्याच्या वॉट्सॅप ग्रूपवरचं एक भांडण मिटायचं नाव घेत नाही, शेवटी अॅडमिन वैतागून म्हणाला बाहेर जाऊन भांडा, म्हणून इथे धागा काढतोय.

मुद्दा असा. पॅरिसला पाकिस्तान ६२वा आणि भारत ७१वा. आपली पदकं ६, म्हणजे १ रौप्य आणि ५ कांस्य. त्यांचं एकच, पण ते सुवर्ण. अर्शद नदीमने भाला ९२.९७ मीटर टाकला, नीरजचा ८९.४५. एका भाल्याने अख्खा देश आपल्या नऊ घरं वर जाऊन बसला. आमच्यातले निम्मे म्हणतात बरोबरच आहे, सुवर्ण ते सुवर्ण, आणि बाकीचे निम्मे म्हणतात सहा पदकं एकापेक्षा कमी कशी काय होतात रे?

आता गंमत अशी की आयओसीच्या (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या) चार्टरमध्येच लिहिलंय की ऑलिम्पिक ही खेळाडूंमधली स्पर्धा आहे, देशांमधली नाही. आपण जे टेबल बघून हळहळतो त्यात आधी सुवर्ण, बरोबरी झाली की रौप्य, मग कांस्य असा प्रघात आहे. अमेरिकेतले पेपर पूर्वीपासून एकूण पदकं बघतात. २००८ ला बीजिंगमध्ये चीनची सुवर्णं जास्त आणि अमेरिकेची एकूण पदकं जास्त, त्यामुळे दोन्हीकडचे लोक आपापल्या टेबलात पहिले येऊन खूश. पॅरिसला तर दोघांची सुवर्णं ४०-४०च, अमेरिका रौप्यावर पुढे गेली.

मी बसून थोडी आकडेमोड केली. सुवर्णाला ३, रौप्याला २, कांस्याला १ धरलं तर भारत ७, पाकिस्तान ३. ५-३-१ धरलं तर ८ आणि ५. पण १०-३-१ धरा, भारत ८ आणि पाकिस्तान १०! म्हणजे गुण कोण ठरवतो त्यावर निकाल. तो अंपायर घरातलाच असला की झालं.

माझं स्वतःचं मत म्हणाल तर पदकं मोजूच नयेत, पहिल्या आठात किती जण आले ते मोजावं. पॅरिसला आपले सहा वेळा चौथे आले. अर्जुन बबुता, मनू भाकर पिस्तुलाच्या तिसऱ्या इव्हेंटला, लक्ष्य सेन, मीराबाई, तिरंदाजीची मिश्र जोडी आणि स्कीटची (उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीची) मिश्र जोडी. टेबलात या सहांची किंमत शून्य. जो देश पहिल्या फेरीत गारद झाला त्याचंही शून्य आणि यांचंही शून्य, हे मला काही पटत नाही. बोला.

आकडेबाज म्हापसा

लोकसंख्येने भागल्याशिवाय कसली तुलना करता? पॅरिसला ग्रेनेडाला २ कांस्य मिळाली आणि तिथली लोकवस्ती सव्वा लाखाच्या आत. म्हणजे साठेक हजार माणसांमागे एक पदक. डॉमिनिकाची थिआ लाफाँड तिहेरी उडीत सुवर्ण घेऊन गेली, तो देश सगळा मिळून सत्तर हजारांच्या आसपास. आपलं गणित २३ कोटींमागे एक.

गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५. ग्रेनेडाच्या हिशोबाने एकट्या गोव्याला पॅरिसमध्ये पंचवीस पदकं यायला हवी होती. शोधा आता.

बाबल

पंचवीस पदकां! पात्रांव, हांव पयलीं बस धरतां.

डिचोलीचे मास्तर

आकडेबाज, भागाकार बरोबर आहे पण तुलना चुकतेय. मी बरीच वर्षं पीटी शिकवली म्हणून सांगतो, ऑलिम्पिकला प्रत्येक देशाला कोटा असतो. अॅथलेटिक्सला एका इव्हेंटमध्ये एका देशाचे जास्तीत जास्त तीन, पोहण्यात दोन, टेबल टेनिसच्या सिंगल्सला दोन. बीजिंगला टेबल टेनिसमध्ये एका देशाचे तिघे खेळू शकत होते, तर चीनने पुरुष आणि महिला दोन्ही सिंगल्सची तिन्ही-तिन्ही पदकं उचलली, मग लंडनपासून दोघांचीच मर्यादा आली. चीनमधला दहाव्या नंबरचा टेबल टेनिसवाला बाकी कुठल्याही देशात पहिला असेल पण त्याला ऑलिम्पिकचं दार बंद. म्हणजे लोकसंख्या दहापट झाली म्हणून पदकं दहापट होऊच शकत नाहीत, नियमच होऊ देत नाही. दरडोई टेबलात भारत-चीन तळाला जाणार हे स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं.

तुलना करायचीच तर आपल्या अंगाच्या देशाशी करा. त्रिनिदाद आणि टोबॅगो घ्या, लोकवस्ती गोव्याएवढीच. १९७६ ला १०० मीटरचं सुवर्ण आणि २०१२ ला भालाफेकीचं सुवर्ण. शिवाय २००८ च्या ४ बाय १०० रिलेत ते दुसरे आले होते, काही वर्षांनी जमैकाचा नेस्टा कार्टर डोपिंगमध्ये सापडला, बोल्टचं एक सुवर्ण गेलं आणि ते त्रिनिदादला मिळालं. चीनचीही बीजिंगची ५१ सुवर्णं होती ती आता ४८ आहेत, वेटलिफ्टिंगमधल्या तिघींची काढून घेतली. त्या रात्रीचं टेबल पाठ करणाऱ्यांनी हे पण ध्यानात ठेवावं.

सांजवात

मास्तरांना +१. अजून एक, छोटे देश आहेत ढीगभर. त्यातल्या कुणाला ना कुणाला दर वेळी पदक लागणारच, आणि ज्याला लागलं तो दरडोई टेबलात पहिला. बाकी ज्यांना काहीच नाही लागलं त्यांच्याकडे आपण बघतच नाही. टोकियोला सान मारिनो तीन पदकं घेऊन गेला, चौतीस हजार वस्ती, सगळीकडे कौतुक. पॅरिसला भोपळा. याला यश म्हणायचं की लॉटरी?

आकडेबाज म्हापसा

सान मारिनोचं ठीक, ग्रेनेडाचं तसं नाही हो. किरानी जेम्स ४०० मीटरला, २०१२ सुवर्ण, २०१६ रौप्य, टोकियो कांस्य. पॅरिसला तो नव्हे तर दुसरेच दोघे, एक भाल्यात आणि एक डेकॅथलॉनमध्ये. लागोपाठ चार ऑलिम्पिक. लॉटरी चारदा लागते का?

सांजवात

ग्रेनेडा मान्य. पण मग चार-पाच ऑलिम्पिकची बेरीज करून बघा ना, एका पंधरवड्यावर देशाचं मोजमाप कशाला. भारताचंच बघा, लंडन ६, रिओ २, टोकियो ७, पॅरिस ६. रिओनंतर आपण संपलो म्हणून अग्रलेख आले होते आणि टोकियोनंतर उगवता सूर्य. रांगेत ठेवलं की रिओ सोडून सगळं सारखंच दिसतं.

मनामा मेल

मी बहारीनमधून. मूळचा साळगावचा, इथे नोकरीला. आमच्या बहारीनची वस्ती गोव्याएवढीच, त्यातले निम्म्याहून जास्त आमच्यासारखे बाहेरून आलेले. पॅरिसला बहारीन २ सुवर्ण १ रौप्य १ कांस्य. भारताच्या कुठच्या कुठे वर.

आता सुवर्णवाले कोण बघा. स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) विन्फ्रेड यावी जन्माने केनियाची. कुस्तीचा ताझुदिनोव रशियातल्या दागेस्तानचा. रौप्यवाली सल्वा ईद नासेर नायजेरियात जन्मलेली, आणि कांस्यवाला वेटलिफ्टर गोर मिनास्यान आधी आर्मेनियाकडून ऑलिम्पिक रौप्य जिंकून आलेला. चारपैकी चार. यावीची फायनल आम्ही ऑफिसातल्या चौघांनी कँटीनमधल्या टीव्हीवर बघितली, एक मल्याळी, एक फिलिपिनो, एक केनियाचा सिक्युरिटीवाला आणि मी. शेवटच्या पाण्याच्या खड्ड्यानंतर ती युगांडाच्या चेमुताईला गाठायला लागली तसा तो केनियावाला खुर्चीवरून उठला, तिने ८:५२.७६ मध्ये ऑलिम्पिक रेकॉर्ड करून रेषा ओलांडली तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला. त्याच्या देशाची फेथ चेरोटिच तिसरी आली होती, तिचं नंतर आठवलं त्याला.

मग हे यश कुणाच्या खात्यात मांडायचं?

आफ्रिकन खाजें

मनामा, हा प्रश्न गोंयकारांना नवा नाही. सेराफिनो अंताव माहीत आहे का कुणाला? आईबाप गोव्याचे, जन्म मोंबासाचा. १९६२ ला पर्थच्या कॉमनवेल्थमध्ये १०० यार्ड आणि २२० यार्ड दोन्ही सुवर्णं. तेव्हा गोवा मुक्त होऊन वर्ष पण झालं नव्हतं आणि केनिया अजून इंग्रजांकडेच होता. पुढे १९६४ ला टोकियोत केनियाचा झेंडा त्याच्याच हातात. आज केनिया म्हटलं की लांब पल्ल्याचे धावपटू आठवतात, पण सुरुवातीच्या मोठ्या पदकांत एक आपला स्प्रिंटर आहे. साठच्या दशकातली केनियाची हॉकी टीम बघा, फर्नांडिस, डिसोझा, मेंडोन्सा, आमच्या गावातल्या चर्चचं रजिस्टर वाटेल.

आणि लिअँडर पेस १९९६ ला अटलांटात कांस्य. वडील वेस पेस १९७२ ला म्युनिकमध्ये हॉकीचं कांस्य, मूळ गोव्याचे. पण लिअँडर वाढला कलकत्त्यात. गोव्याचा म्हणायचा की बंगालचा? आम्ही तर आमचाच म्हणतो, बंगाली आम्हाला मारायला येतात.

फातोर्डा नॉर्थ स्टँड

तुम्ही सगळे ऑलिम्पिकवर अडकलात. फुटबॉलचं बघा, तिथे फिफा रँकिंग आहे आणि दर मॅचला गुण. कुणाशी खेळलात, जिंकायची अपेक्षा किती होती, मॅच किती महत्त्वाची, सगळं धरतात. २०१८ पासून ही नवी पद्धत आली. त्याआधीच्या जुन्या पद्धतीत सरासरी काढायचे, तर पोलंडने काय केलं, मैत्रीचे सामने खेळणंच बंद केलं, कारण त्याने सरासरी खाली येते, आणि २०१८ च्या वर्ल्ड कपला वरच्या पॉटमध्ये (म्हणजे ड्रॉ काढताना वरच्या नंबरवाल्यांच्या गटात) जाऊन बसले. मग ग्रूपमधूनच घरी गेले ते सोडा. कुठलंही माप लावा, लोक मापासाठी खेळायला लागतात.

आपला सगळ्यात वरचा नंबर ९४, फेब्रुवारी १९९६. २०२५ च्या अखेरीस १४० च्या पलीकडे ढकलले गेलो होतो. आणि तिकडे केप व्हर्डे २०२६ च्या वर्ल्ड कपला पात्र! आपल्यासारखीच पोर्तुगीजांची जुनी वसाहत, वस्ती गोव्याच्या निम्मी पण नाही. कुरासाव तर दीड लाखाचा देश, वर्ल्ड कपला पात्र झालेला सगळ्यात छोटा. त्यांचे बहुतेक खेळाडू हॉलंडमध्ये जन्मलेले, म्हणजे परत मनामावाल्याचा प्रश्न आलाच. आमच्यात एकापेक्षा एक पोरं आहेत, संतोष ट्रॉफी पाच वेळा आणलीय गोव्याने, ब्रह्मानंद, ब्रुनो सारखे कॅप्टन दिले देशाला. निदान राज्याला फिफात घेतलं असतं तर बरं झालं असतं :)

तिस्कावरचा (धागाकर्ता)

फातोर्डा, वेल्स आणि स्कॉटलंडला वेगळी टीम मिळते तर गोव्याला का नको, हा धागा वेगळा काढ, मी सही करतो.

पण कुणी माझ्या पहिल्या आठाच्या मुद्द्यावर बोलणार का?

चौसष्ट घरं

मी बोलतो, विरोधात. पहिले आठ मोजले तर उझबेकिस्तान खाली जाईल. पॅरिसला त्यांची ८ सुवर्णं आणि एकूण पदकं १३च. त्या आठातली ५ एकट्या बॉक्सिंगची. केनियाची ११ पदकं, अकराच्या अकरा अॅथलेटिक्सची. एकच विहीर खोल खणणारे हे देश. तुमच्या पद्धतीत चाळीस खेळांत सातवा येणारा श्रीमंत देश यांच्या वर बसेल. छोट्या खिशाच्या देशाने एका खेळावर सगळा पैसा लावणं हा शहाणपणा आहे, त्याला शिक्षा कशाला?

अवांतर पण आहेच, बुद्धिबळाचा वर्ल्ड कप २०२५ ला आपल्या गोव्यात झाला, तोही उझबेकिस्तानचाच सिंदारोव घेऊन गेला. आणि बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये पूर्वी सगळ्या पटांवरचे गुण मिळून टीमचा नंबर लागायचा, २००८ पासून मॅच जिंकली-हरली त्याचे गुण आधी बघतात. त्यामुळे दुबळ्या टीमला ४-० झोडपून गुण साठवायचा धंदा बंद झाला. चेन्नईला २०२२ मध्ये आपल्या भक्ती कुलकर्णीच्या टीमला कांस्य मिळालं ते याच पद्धतीत. ऑलिम्पिकच्या टेबलात याचं काही नाही हे वेगळं सांगायला नको.

मिरामारचा वारा

टीमचा विषय निघालाच आहे तर, हॉकीचे सोळा-सतरा जण दोन आठवडे घाम गाळतात आणि देशाला पदक एक. मायकल फेल्प्स एकटा बीजिंगमध्ये आठ सुवर्णं. पॅरिसला ३२९ इव्हेंट होते, त्यातले पोहण्याचे पस्तीस नुसते तलावातले, हॉकीचे दोन. ज्या देशात तलाव आहेत त्याचं टेबल वर. भारताची हॉकीची आठ सुवर्णं पोहण्याच्या भावाने मोजा म्हणजे कळेल.

पॅरालिम्पिक पण कुणी काढलं नाही अजून. पॅरिसला ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य, २९ पदकं, भारत १८वा. तिथे अपंगत्वाच्या वर्गवारीमुळे इव्हेंट ५४९ होते हे खरं, पण ते सगळ्यांनाच होते. टोकियोची १९ होती. त्याच देशात, त्याच काळात एक टेबल म्हणतं ७१ आणि दुसरं म्हणतं १८.

क्रिकेटप्रेमी वास्को

२०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट आहे. पुरुष एक, महिला एक. दोन सुवर्णं धरून चाला आणि धागा बंद करा.

फातोर्डा नॉर्थ स्टँड

आला!

शेवंती

मी २०२३ च्या नॅशनल गेम्सला व्हॉलंटिअर होते, बांबोळीच्या अॅथलेटिक स्टेडियमवर. भालाफेकीचं माप कसं घेतात ते तिथे पहिल्यांदा जवळून बघितलं. भाला पडला की एक जण धावत जाऊन टोक जिथे टेकलं तिथे काठी रोवतो, तिला आरसा लावलेला असतो, लांब तिवईवरच्या यंत्रातून दुसरा त्यावर नेम धरतो आणि मिलिमीटर सोडून देऊन सेंटीमीटरवर खालचा आकडा लिहितात. काठी जरा जरी तिरकी दिसली तर परत घ्यायला लावायचे. आणि एवढी काटेकोर मापं घेऊन झाली की संध्याकाळी मीडिया रूममध्ये राज्यांच्या टेबलावरून जी हमरीतुमरी चालायची ती बघण्यासारखी.

त्या गेम्सचं टेबल आठवा. महाराष्ट्र पहिला, ८० सुवर्णं आणि एकूण २२८, त्यावर वाद नाही. दुसरं सर्व्हिसेस (म्हणजे सैन्यदलांची टीम), ६६ सुवर्ण, २७ रौप्य, ३३ कांस्य, एकूण १२६. तिसरा हरियाणा, ६२ सुवर्ण, ५५ रौप्य, ७९ नव्हे ७५ कांस्य (७९ महाराष्ट्राची), एकूण १९२. छासष्ट पदकं जास्त असून हरियाणा खाली. आणि सर्व्हिसेसला लोकसंख्येने भागणार कसं सांगा, तिथले खेळाडू सगळ्या राज्यांतून आलेले, त्यात हरियाणाचे पण असणारच.

आपला गोवा नववा आला, २७-२७-३८, एकूण ९२. घरचं मैदान हा मोठा भाग. बीच फुटबॉल, रोल बॉल, पेंचाक सिलाट असे खेळ त्याच वेळी पहिल्यांदा आले. वाईट काही नाही, सगळेच यजमान तसं करतात. जपान रिओला १२ सुवर्णं, घरी टोकियोत २७, पॅरिसला २०. फक्त ब्रिटनचं वेगळं दिसतं, बीजिंग १९, घरी लंडनला २९, आणि रिओला जाऊन पण २७. यजमानपण संपल्यावर काय टिकलं ते बघावं असं मला वाटतं, मग गोव्याच्या त्या ९२ मधली पुढच्या गेम्सला किती राहिली ते पण बघू.

डिचोलीचे मास्तर

शेवंतीताई, उत्तम प्रतिसाद. ब्रिटनचं उत्तर पैशात आहे. १९९६ ला अटलांटात त्यांचं एकच सुवर्ण होतं, टेबलात ३६वे. मग नॅशनल लॉटरीचा पैसा खेळांकडे वळवला आणि जिथे पदकाची आशा तिथेच ओतला, बाकी खेळ उपाशी. बास्केटबॉलवाले अजून रडतात. बर्नार्ड आणि बस म्हणून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ च्या पेपरात हेच दाखवलंय की लोकसंख्या एकटी कामाची नाही, दरडोई उत्पन्न जोडीला लागतं, म्हणजे शेवटी देशाचा एकूण जीडीपीच बोलतो. वर यजमान असल्याचा थोडा फायदा, आणि सोव्हिएत गटातले देश त्यांच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त जिंकायचे. मग यशाचं खरं माप म्हणजे जीडीपीवरून जेवढी अपेक्षा होती त्यापेक्षा किती जास्त आणलं. या मापाने केनिया आणि जमैका दोघेही फार वर, आणि आपण श्रीमंत व्हायला लागलो तसा आपला हिशोब अजूनच बिघडणार.

बाबल

मास्तर, म्हणजे गरीब राहून जिंकायचं?

डिचोलीचे मास्तर

नाही रे, शाळेत पीटीचा तास गणिताच्या बाईंना द्यायचा नाही, तेवढं केलं तरी पुष्कळ.

आकडेबाज म्हापसा

मास्तर, गणिताच्या बाईंना मध्ये आणू नका, आमच्या घरात एक आहेत.

शेवंतीताईंचे आकडे घेऊन एक गंमत करून बघितली. धागाकर्त्याच्या ३-२-१ ने सर्व्हिसेस २८५, हरियाणा ३७१. त्याच्या त्या १०-३-१ ने सर्व्हिसेस ७७४, हरियाणा ८६०. दोन्हीकडे हरियाणाच वर. मग उलटं विचारलं, कांस्य १, रौप्य ३ ठेवून सुवर्णाला किती गुण दिले की सर्व्हिसेस वर जातं? सुवर्णाला ३१ दिले तरी हरियाणा २१६२, सर्व्हिसेस २१६०. ३२ दिले की सर्व्हिसेस २२२६ आणि हरियाणा २२२४.

म्हणजे अधिकृत टेबल त्या दिवशी सांगत होतं की एक सुवर्ण म्हणजे निदान बत्तीस कांस्यं. कुणाला हा भाव मान्य आहे हात वर करा.

क्रिकेटप्रेमी वास्को

मला मान्य आहे. कांस्य कशाला हवंय?

मिरामारचा वारा

स्वप्निल कुसळेच्या कोल्हापुरात जाऊन हेच वाक्य बोल, आम्ही लाइव्ह बघतो.

तिस्कावरचा (धागाकर्ता)

आकडेबाज, हे बत्तीसचं गणित मी आत्ता ग्रूपवर टाकलं. सुवर्णवाल्या पार्टीचं पाच मिनिटं काहीच आलं नाही, आता एकाचा मेसेज आलाय की मग ३-२-१ च्या हिशोबाने आशियाई खेळांचं टेबल काढून दे. हांगझोऊची भारताची २८-३८-४१ माझ्याकडे आहेत, दक्षिण कोरिया आणि जपानचे आकडे कुणाकडे असतील तर द्या, रात्री जेवून बसतो.